लक्ष्मी, रामाची बहीण: आंब्याच्या शिलालेखातलं एक घर

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या एपिसोडचा लिखित अवतार. ज्यांना बसमध्ये, कँटीनमध्ये किंवा रात्री दिवा बंद करून वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलताना मी जिथे अडखळलो, तिथे लिहिताना थोडं नीट करून घेतलंय. बाकी तेच आहे.

आजची गोष्ट अंबाजोगाईची. बीड जिल्हा म्हटलं की बातम्यांमध्ये दोनच गोष्टी येतात, दुष्काळ आणि ऊसतोड. त्या खऱ्याच आहेत. पण याच जिल्ह्यात, जयंती नदीच्या काठावर, आठशे वर्षांपूर्वी एक मातब्बर घर होतं. बाप सेनापती, मुलगा सेनापती, मुलगी त्या घराची कारभारीण. त्यातला मुलगा तरुणपणी लढाईत गेला. त्याच्या मागे एक लहान पोर राहिलं. आणि हे सगळं आज आपल्याला माहीत आहे, कारण त्याच्या बहिणीने ते दगडावर कोरून ठेवलं.

एवढीच गोष्ट. पण मी ती गेले तीन महिने डोक्यात घेऊन फिरतोय. का, ते पुढे सांगतो.

आधी जागा बघून घेऊ

अंबाजोगाईला गेला असाल तर योगेश्वरीचं दर्शन घेतलंच असेल. हत्तीखाना म्हणजे तिथली लेणी, मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची पासोडी, हेही कदाचित पाहिलं असेल. बाराखांबी म्हणजे सकलेश्वराचं मंदिर. तिथला काळ शके ११५० चा. सोपं गणित: शकाच्या आकड्यात ७८ मिळवा, इसवी सन मिळतं. म्हणजे १२२८.

शिलालेखांमध्ये या गावाचं नाव आंबे असं येतं. निजामाच्या काळात त्याला मोमिनाबाद म्हणायचे. म्हणून जुन्या इंग्रजी अहवालांमध्ये शोधायला गेलात तर 'अंबाजोगाई' टाकून काही सापडणार नाही, 'मोमिनाबाद' टाकावं लागतं. मी पहिल्यांदा शोधलं तेव्हा तासभर वाया घालवलाय यात.

गावात खोलेश्वराचं मंदिर आहे, खोलेश्वर नावाचं कॉलेज आहे. माझे कितीतरी मित्र त्या कॉलेजात शिकले. त्यातल्या एकालाही मी विचारलं की खोलेश्वर कोण, तर उत्तर आलं, "महादेवाचं नाव असंल." मीही आधी हेच समजत होतो.

खोलेश्वर हा माणूस होता.

सिंघणाचा सेनापती

देवगिरीच्या यादवांमध्ये सर्वात मोठा राजा कोण, तर सिंघण. साधारण १२१० ते १२४६ एवढा त्याचा काळ. रामदेवराय आपल्याला शाळेमुळे माहीत असतो, कारण त्याच्या वेळी अलाउद्दीन खिलजी आला. पण यादवांचं राज्य खरं पसरलं ते या सिंघणाच्या वेळी, दक्षिणेला कृष्णा-तुंगभद्रेपर्यंत आणि उत्तरेला नर्मदेपर्यंत. संगीत शिकणाऱ्यांना 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ माहीत असेल. तो लिहिणारा शार्ङ्गदेव याच सिंघणाच्या पदरी होता.

एवढं मोठं राज्य एकटा राजा लढून मिळवत नसतो. उत्तरेच्या आघाडीवर सिंघणाचा जो मुख्य माणूस होता तो खोलेश्वर. मुद्गल गोत्राचा ब्राह्मण, मूळ विदर्भाकडचा. अमरावती जिल्ह्यातलं खोलापूर हे गाव त्याच्याच नावावरून आलं असं इतिहासकार मानतात. पुढे आंबे हे त्याच्या घराचं ठाणं झालं.

आंब्याच्या लेखांमध्ये त्याचं भारी कौतुक आहे. त्याने गुर्जरांचा गर्व उतरवला, माळव्याच्या राजाला चिरडलं, आभीरांचं कुळ संपवलं, शत्रूंना तो वणव्यासारखा होता, त्याच्यामुळे सिंघणाला काही चिंताच उरली नाही. थेट काशीच्या राजाला पळवून लावल्याचाही दावा आहे.

आता इथे थोडं थांबू. प्रशस्तीचा लेख वाचताना तो लिंक्डइनच्या प्रोफाइलसारखा वाचायचा. त्यातली प्रत्येक गोष्ट खोटी नसते, पण प्रत्येक गोष्ट तेवढी मोठीही नसते. काशीचं मला जरा जास्तच वाटतं. गुजरातचं मात्र खरं आहे, कारण त्याची साक्ष दुसऱ्या बाजूने मिळते.

दुसऱ्या बाजूची गोष्ट: गाड्या शोधणारी माणसं

गुजरातमध्ये त्या वेळी सोमेश्वर नावाचा कवी होता. त्याने 'कीर्तिकौमुदी' नावाचं संस्कृत काव्य लिहिलं. त्यात सिंघणाची फौज येतेय हे कळल्यावर गुजरातेत काय झालं याचं वर्णन आहे. माझ्या शब्दांत सांगतो. कोणी नवीन घर बांधायला काढेना. कोणी धान्य साठवेना. शेतात उभं पीक आहे, त्याची कोणाला पर्वा नाही, पण बैलगाडी कुठे मिळेल याच्या मागे सगळे. आणि फौज कुठपर्यंत आली हे कळायचं कशावरून, तर जळणाऱ्या गावांच्या धुरावरून.

हे वाचलं आणि मला लॉकडाऊनमधले रस्ते आठवले. तेव्हाही लोक दुसरं काही विचारत नव्हते, फक्त गाडी मिळेल का एवढंच विचारत होते.

म्हणून 'आपल्या मराठवाड्याचा शूर सेनापती' असं म्हणताना माझी छाती थोडी फुगते आणि लगेच थोडी खालीही बसते. आंब्याच्या दगडावर जो पराक्रम आहे, तो भरूचकडच्या एखाद्या शेतकऱ्यासाठी धूर होता. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

गंमत म्हणजे या दोन राज्यांमधल्या तहाचा नमुनाही सापडतो. 'लेखपद्धती' नावाचा एक जुना ग्रंथ आहे. सरकारी पत्रं कशी लिहायची याचे त्यात नमुने दिलेत, आजच्या भाषेत टेम्प्लेट्स. त्यात सिंघण आणि गुजरातचा लवणप्रसाद यांच्यातल्या तहाचा मसुदा आहे, विक्रम संवत १२८८ चा, म्हणजे १२३१ च्या आसपासचा. एकमेकांच्या मुलखात घुसायचं नाही, तिसरा कोणी चालून आला तर दोघांनी मिळून लढायचं, अशा अर्थाचा. तह झाला असेल तर तो फार टिकला नाही. यादवांची फौज पुन्हा गेली. आणि या वेळी तिच्या पुढे खोलेश्वर नव्हता.

राम

या मोहिमेचं नेतृत्व केलं खोलेश्वराच्या मुलाने. त्याचं नाव राम.

रामबद्दल माहिती फार नाही. बापानंतर सेनापती झाला. मोठी फौज घेऊन गुजरातवर निघाला. नर्मदेपर्यंत पोहोचला. तिथे लढाई झाली, त्यात त्याने पुष्कळ गुर्जर सैनिक मारले, आणि त्याच लढाईत तो स्वतः मारला गेला.

हे सगळं १२४० च्या आधी. कारण शके ११६२, म्हणजे १२४० मध्ये, त्याच्या बहिणीने, लक्ष्मीने, आंब्याला त्याच्या स्मरणार्थ मंदिर बांधलं. देव नारायण, पण नाव ठेवलं रामनारायण. भावाचं नाव देवाच्या नावाला जोडलं. आणि तिथल्या लेखात घराचा इतिहास आला: आपला बाप कोण होता, भाऊ कोण होता, त्यांनी काय केलं, आणि भाऊ कुठे पडला.

रामाचा मुलगा तेव्हा लहान होता. त्याच्या वतीने कारभार पाहिला लक्ष्मीने.

त्या मुलाच्या नात्याने बघा. वडील गेले. आजोबा नाहीत. आणि सगळं हातात घेतलं ते आत्याने.

इथे माझं थोडं सांगतो

पॉडकास्टमध्ये मी सहसा घरचं बोलत नाही. पण हे सांगितल्याशिवाय हा एपिसोड प्रामाणिक होणार नाही.

माझे वडील गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मोटारसायकलचा अपघात. ते एकोणतीस वर्षांचे होते. मी पुढच्या वर्षी एकोणतीसचा होईन. आजोबा त्याच्या आधीच गेले होते. घरात आजी, तेवीस वर्षांची माझी आई आणि मी. बाहेर साडेचार एकर जमीन, सोसायटीचं कर्ज, आणि अर्धा तोडून झालेला ऊस.

आत्याचं सासर लातूरकडे. ती त्या आठवड्यात आली आणि पुढची बारा-तेरा वर्षं येतच राहिली. दर पंधरा दिवसांनी एसटीने यायची. टोळीच्या मुकादमाशी बोलायची, कारखान्याच्या स्लिपा तपासायची, सोसायटीत जाऊन बसायची. चुलत्यांपैकी कोणी बांध कोरला तर तिथे जाऊन उभी राहायची. घरातलं आणि शेतातलं रोजचं काम आईने उचललं, दाराबाहेरचं आत्याने. मी बीटेक झालो ते या दोघींमुळे.

तीन महिन्यांपूर्वी बँकेच्या एका कामासाठी मी आमच्या जमिनीचे जुने सातबारे आणि फेरफार काढले. गावाकडच्या पोरांना माहीत असेल, वारस लहान असला की त्याच्या नावापुढे 'अज्ञान' लिहितात आणि पुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. माझ्या नावापुढे ते होतं, पालनकर्ता म्हणून आईचं नाव. बरोबरच आहे. मग मी आत्याचं नाव शोधलं. ते एकाच ठिकाणी सापडलं. आजोबांनंतरच्या फेरफारात. तिने माझ्या वडिलांच्या नावे हक्कसोड केली होती, त्या नोंदीत.

म्हणजे त्या सगळ्या कागदांमध्ये माझ्या आत्याची नोंद एकदाच आहे, आणि ती नाव काढल्याची आहे.

त्याच आठवड्यात मी या एपिसोडसाठी खोलेश्वर वाचत होतो. खोलेश्वरावर करायचा होता एपिसोड, खरं सांगतो. तलवारी, मोहिमा, नकाशे. आणि लक्ष्मीच्या ओळीवर येऊन थांबलो.

लहान वारस ही किती धोक्याची गोष्ट होती

लक्ष्मीने काय केलं याचं वजन कळायला त्या काळात लहान वारस मागे राहिला की काय होत असे ते बघावं लागतं. तीन घरं घेऊ. तिन्ही याच गोष्टीतली आहेत.

पहिलं घर शत्रूचं. गुजरातच्या चालुक्यांचं, अणहिलवाड पाटणचं. तिथला राजा अजयपाल मारला गेला, द्वारपालानेच मारला असं 'प्रबंधचिंतामणी' सांगतं. १२ व्या शतकाच्या आठव्या दशकातली ही गोष्ट. गादीवर आला त्याचा मुलगा मूलराज. तो इतका लहान की इतिहासात त्याचं नावच 'बाल मूलराज' पडलं. कारभार पाहिला आईने, नायकीदेवीने. तिचे वडील परमर्दी, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते गोव्याचा कदंब राजा. म्हणजे ही आपल्या कोकण किनाऱ्याची लेक. ११७८ मध्ये मुहम्मद घोरी गुजरातवर आला, तेव्हा अबूजवळच्या लढाईत त्याचा पराभव झाला. पोराला मांडीवर घेऊन नायकीदेवी त्या लढाईत उतरली असं 'प्रबंधचिंतामणी'त येतं. घोरीने त्यानंतर गुजरातची वाट सोडली आणि पंजाबकडून यायला सुरुवात केली.

पण बाल मूलराज वाचला नाही. दोन-तीन वर्षं नावाला राजा राहून तो लहानपणीच गेला. त्याच्यामागे भीम आला, तोही कोवळ्या वयाचा. आणि मग सामंतांनी आणि मंत्र्यांनी त्या राज्याचे तुकडे वाटून घेतले. 'कीर्तिकौमुदी' हेच सांगते. पुढे लवणप्रसाद आणि त्याचा मुलगा वीरधवल या वाघेल्यांनी, आणि वस्तुपाल-तेजपाल या मंत्र्यांनी, ते राज्य कसंबसं सावरलं. शेवटी गादी वाघेल्यांकडेच गेली.

म्हणजे बघा, सिंघणाला आणि खोलेश्वराला गुजरात इतकं जवळ वाटलं, त्याच्या मुळाशी एक मेलेलं लहान पोर होतं. आणि त्या गुजरातशी लढताना खोलेश्वराचा स्वतःचा मुलगा गेला, मागे एक लहान पोर ठेवून.

दुसरं घर खुद्द यादवांचं. सिंघणाचा मुलगा जैतुगी बापाच्या आधी गेला. म्हणून सिंघणानंतर नातू कृष्ण राजा झाला. म्हणजे राजा आणि सेनापती, दोघांचीही मधली पिढी गळाली. कृष्ण १२६१ च्या सुमारास गेला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र लहान होता. कारभार काकाने, महादेवाने घेतला. पण महादेव पालनकर्ता राहिला नाही, तो राजाच झाला. दहा वर्षांनी महादेव गेला तर त्याने गादी पुतण्याला द्यायची ना? ती गेली महादेवाच्या मुलाकडे, आमणाकडे. मग रामचंद्राने कट करून आमणाला काढलं आणि १२७१ मध्ये स्वतः गादीवर बसला. हाच आपला रामदेवराय.

तर लहान वारसाला आई मिळाली तरी राज्य फुटलं. काका मिळाला तर काकाच राजा झाला.

तिसरं घर आंब्याचं. तिथे आत्या होती.

आत्या का वेगळी

आता यात कायद्याची एक बाजू आहे आणि ती मला फार इंटरेस्टिंग वाटली. त्या काळात आपल्याकडे वारसाहक्क कसा ठरायचा, तर याज्ञवल्क्य स्मृतीवरची 'मिताक्षरा' ही टीका मोठा आधार. ती लिहिली विज्ञानेश्वराने, कल्याणीला, चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या राज्यात. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, अंबाजोगाईपासून फार लांब नाही. मिताक्षरेचा मुख्य मुद्दा असा की मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळतो. मुलाला. म्हणजे रामानंतर हक्काचा धनी ते लहान पोर. काका असता तर तोही त्याच कुळातला, त्यालाही दावा सांगता आला असता. आत्याला तसा दावा नाही. तिला ते घर स्वतःकरता घेता येत नव्हतं, फक्त सांभाळता येत होतं.

कदाचित म्हणूनच अशा वेळी आत्यावर विश्वास ठेवणं सोपं जात असेल. हे माझं अनुमान आहे, लेखात असं लिहिलेलं नाही. आणि हे अनुमान मला फारसं आवडतही नाही. कारण याचा अर्थ असा होतो की तिच्यावर विश्वास होता, कारण तिला हक्क नव्हता. आमच्या घरी नेमकं हेच झालं. आत्याने हक्क सोडलेला होता, म्हणून ती बांधावर उभी राहून बोलू शकली. चुलते म्हणू शकले नाहीत की ही स्वतःच्या वाट्यासाठी भांडतेय.

आपल्या राज्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क देणारा बदल १९९४ चा, देशभरासाठी २००५ चा. कायदा बदलला. पण राखीपौर्णिमेला ओवाळणी आणि दिवाळीनंतर हक्कसोड, ही पद्धत किती घरांत बदलली हे तुम्ही तुमच्या घरात विचारून बघा.

अजून एक उदाहरण डोक्यात येतं, पाचशे वर्षांनंतरचं. मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने गेला. मल्हाररावांनंतर नातू मालेराव गादीवर आला आणि १७६७ मध्ये तोही तरुण वयात गेला. मग सगळं सांभाळलं सुनेने, अहिल्याबाईंनी. त्यांचं माहेर चौंडी, आपल्या बीडच्या शेजारचंच. अहिल्याबाईंना सगळा देश ओळखतो. लक्ष्मीला अंबाजोगाईतही कोणी ओळखत नाही. पण आकृती तीच आहे.

दगड म्हणजे कोणाचा बॅकअप

माझ्या नोकरीत एक गोष्ट रोज शिकायला मिळते. सिस्टीम का बंद पडली हे नंतर शोधायचं असेल तर कोणीतरी आधी लॉग लिहून ठेवलेला असावा लागतो. लॉग नसेल तर घटना घडलीच नाही असं समजायची वेळ येते.

यादवांच्या घराची वंशावळ आपल्याला कळते ती बरीचशी हेमाद्रीमुळे. हेमाडपंत म्हणतो तो हाच. त्याने 'चतुर्वर्गचिंतामणी' या मोठ्या ग्रंथात राजघराण्याची प्रशस्ती घातली. दृढप्रहार, सेऊणचंद्र अशी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांची नावं. बापामागून मुलगा, मुलामागून नातू. वंशावळ म्हटली की ती अशीच असते. आमच्या घरचीही त्र्यंबकेश्वरच्या वहीत तशीच आहे, मी पाहिलीये.

साध्या सैनिकांसाठी वीरगळ असायचे. मराठवाड्यात गावोगाव पडलेले असतात, कधी मारुतीच्या पारावर, कधी विहिरीच्या कडेला. खालच्या कप्प्यात लढाई, मध्ये अप्सरा त्याला वर घेऊन जातात, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नावच नसतं. नर्मदेवर रामाबरोबर जे पडले त्यांची नावं आपल्याकडे नाहीत. पलीकडे जे पडले त्यांचीही नाहीत.

रामाचं नाव आहे, कारण त्याला लक्ष्मी नावाची बहीण होती आणि तिच्याकडे मंदिर बांधण्याएवढी ऐपत होती. तिने भावाची आठवण ठेवली, त्यात तिचं स्वतःचं नावही राहिलं. सातबाऱ्याच्या भाषेत बोलायचं तर पालनकर्तीने फेरफार स्वतः लिहिला, म्हणून पालनकर्ती कळली. हा लेख १९ व्या शतकात अभ्यासकांच्या नजरेला आला. जेम्स बर्जेस याने बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांच्या पुरातत्त्वाचा अहवाल १८७८ मध्ये छापला, त्यात मोमिनाबाद आहे. नंतर रा. गो. भांडारकरांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, त्यात खोलेश्वर आणि राम या बापलेकांची हकीकत या आंब्याच्या लेखाच्या आधाराने आली. म्हणजे साडेसहाशे वर्षं तो दगड नुसता उभा होता. मग कोणीतरी वाचला.

शेवटचं

रेकॉर्डिंगच्या आधी मी आत्याला घेऊन अंबाजोगाईला गेलो होतो. तिला योगेश्वरीची ओटी भरायची होती, मला खोलेश्वर बघायचा होता. देवळाच्या पायरीवर बसून मी तिला लक्ष्मीची गोष्ट सांगितली. तिने पूर्ण ऐकून घेतली. मग विचारलं, "त्या लेकराचं पुढं काय झालं?"

राम किती शूर होता, मंदिराला किती खर्च आला, हे तिने विचारलं नाही. लेकराचं विचारलं. मी म्हटलं, आत्या, लेखाचा रोख रामावर आहे, पोराचं पुढचं आयुष्य त्यात येत नाही. ती म्हणाली, "मग अर्धंच लिवलंय की."

मग मी धीर करून फेरफाराचं काढलं. म्हटलं, तुझं नाव कुठेच नाही गं. वाट्याचं बघू आपण, आता माझ्या हातात आहे. तर हसली. "माझं नाव कशाला लागतंय त्याच्यात? जमीन राहिली, लेकरू शिकलं. बास झालं."

मला ते बास वाटत नाही. मी आईशी बोललोय. साडेचारातला एक एकर आत्याच्या नावे करायचा, असं आमचं दोघांचं ठरलंय. आत्या नाही म्हणतेय, तिची मुलं म्हणतात मामाच्या गावची जमीन नको, आणि माझे दोन चुलते माझ्याशी बोलायचे बंद झालेत. कागद अजून झालेला नाही. होईल तेव्हा सांगतो. तिने मला एवढंच बजावलंय की पॉडकास्टवर माझं नाव घ्यायचं नाही. म्हणून घेतलेलं नाही.

तुम्हाला एक काम देतो. तुमच्या घरची वंशावळ एका कागदावर काढा. पणजोबांपासून सुरू करा. मग त्यात बायकांची नावं भरा: आजी, पणजी, आत्या, लग्न होऊन गेलेल्या, परत आलेल्या, लहानपणी गेलेल्या. जिथे नाव आठवणार नाही तिथे घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला आजच फोन करा. पुढच्या वर्षी करू म्हणू नका. मी केला तेव्हा मला कळलं की माझ्या वडिलांच्या आधी आजीला एक मुलगी झाली होती, दीड वर्षाची होऊन गेली. तिचं नाव आजीने पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं. आता ते आमच्या कागदावर आहे.

अंबाजोगाईला गेलात तर योगेश्वरीनंतर अर्धा तास काढा आणि खोलेश्वराकडे जाऊन या. तिथे उभं राहून कोणी विचारलं की हा कोण, तर सांगा: सिंघणाचा सेनापती, रामाचा बाप. आणि लक्ष्मीचा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.